पायहोलमध्ये नाव आहे, विंडोज ७ वर उघडतं, पण उबुंटू आणि फोनवर नाही – घरच्या सर्व्हरचं डीएनएस

जुना_डेस्कटॉप

मंडळी नमस्कार, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. फोनवरून टाइप करतोय म्हणून कमांड आणि फायलींची नावं बोलतो तशीच देवनागरीत लिहिली आहेत, कळतील.

घरी एक आय-थ्री डेस्कटॉप धूळ खात पडला होता, त्यावर उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकलं आणि डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) पायहोल (घरचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारा, जाहिरातीही अडवतो), इमिच आणि जेलीफिन (सिनेमे बघायला) चालवतोय. त्यातलं इमिच महत्त्वाचं, कारण घरातल्या सगळ्यांचे फोटो फोनमधून तिथे बॅकअप होतात. सर्व्हरचा आयपी राऊटरमध्ये फिक्स केलाय, १९२.१६८.१.१०. आता दर वेळी घरच्यांना आकडे आणि वर पोर्ट नंबर सांगत बसायचा वैताग येतो, म्हणून पायहोलच्या लोकल डीएनएस रेकॉर्डमध्ये फोटो.लोकल आणि सिनेमा.लोकल अशी दोन नावं टाकली आणि पुढे एनजिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर बसवला, म्हणजे पोर्ट नंबर न टाकता नावावरून योग्य प्रोग्रामकडे पोचता येतं. राऊटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या मशीनना आयपी आणि डीएनएसचे पत्ते वाटणारी सोय) प्रायमरी डीएनएस १९२.१६८.१.१० आणि सेकंडरी ८.८.८.८ असं दिलंय. राऊटर इंटरनेटवाल्यांनीच दिलेला आहे, फायबरच्या डब्यातच वायफाय.

आता गंमत बघा. बाबांचा विंडोज ७ चा पुरातन पीसी आहे त्यावर फोटो.लोकल टाकलं की बहुतेक वेळा फटकन उघडतं. टीव्हीवरही जेलीफिन नावाने चालतं. पण माझ्या उबुंटूच्या लॅपटॉपवर अजिबात नाही. पिंग केलं तर 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन'. तेच डिग कमांडला @१९२.१६८.१.१० देऊन विचारलं तर मात्र व्यवस्थित उत्तर येतं! म्हणजे पायहोलला नाव माहितीये, लॅपटॉप पायहोलपर्यंत पोचतोय, आणि तरी ब्राउझर म्हणतो असं काही नाहीच. अँड्रॉइड फोनवर तर एकदाही उघडलं नाही.

दुसरं एक दुखणं. सुरुवातीला पायहोल चालूच होत नव्हता, पोर्ट ५३ (डीएनएसचं) आधीच कोणीतरी अडवलंय म्हणायचा. एका व्हिडिओत सांगितलं होतं की सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी (उबुंटूची स्वतःची नावं शोधणारी सर्व्हिस) डिसेबल करा, ते केलं आणि पायहोल सुरू झाला. पण आता पायहोलची नवीन इमेज (प्रोग्रामची तयार प्रत) घ्यायला कंटेनर थांबवला की डॉकर पुलच होत नाही, म्हणजे ती उतरवूनच घेता येत नाही, एररच्या शेवटी '[::१]:५३ कनेक्शन रिफ्यूज्ड' असं येतं. सर्व्हरवर एपीटी अपडेटही तेव्हा चालत नाही. पायहोल चालू केला की सगळं सुरळीत.

कुठे घोडं अडलंय?

बंड्या_००७

भावा एवढ्या दोन नावांसाठी कशाला डोकेफोड, प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) एक ओळ टाक आणि मोकळा हो. मी तेच करतो, कधी त्रास नाही.

पेंग्विनप्रेमी

@बंड्या, फोनमध्ये रूट केल्याशिवाय होस्ट्स फाइल बदलता येत नाही आणि टीव्हीत तर विषयच नाही. शिवाय उद्या सर्व्हरचा आयपी बदलला की घरभर फिरून ओळी बदलत बसा.

@जुना_डेस्कटॉप, लॅपटॉपचं दुखणं मला वाचताक्षणी कळलं कारण ते फार जुनं आणि फार लोकांना होणारं आहे. डॉट लोकल हे नाव तुमचं नाहीच. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलंय, आरएफसी ६७६२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज), २०१३ सालची. ॲपलवाले त्याला बॉनजूर म्हणतात, लिनक्सवर ते काम आवाही करतो. त्यात डीएनएस सर्व्हर हा प्रकारच नसतो, मशीन सगळ्या नेटवर्कवर ओरडून विचारतं की अमुक नावाचा कोण आहे आणि ज्याचं नाव असेल तो स्वतः 'मी' म्हणतो. तुमच्या सर्व्हरला स्वतःला माहीतच नाही की त्याचं नाव फोटो आहे, ते फक्त पायहोलला माहितीये. मग ओ देणार कोण?

आता डिगला उत्तर मिळतं आणि पिंगला नाही हे कसं. लॅपटॉपवर ईटीसी फोल्डरात एनएसस्विच डॉट कॉन्फ उघडा, त्यात होस्ट्सची ओळ साधारण अशी असेल: फाइल्स, मग एमडीएनएस४_मिनिमल, मग चौकोनी कंसात नॉटफाउंड=रिटर्न, आणि सगळ्यात शेवटी डीएनएस. पिंग काय, ब्राउझर काय, नाव विचारायचं झालं की साधारणपणे या ओळीतून डावीकडून उजवीकडे जातात. डॉट लोकल दिसलं की दुसऱ्या पायरीवर मल्टिकास्टने हाक मारली जाते, कोणी ओ देत नाही, आणि कंसातला हुकूम सांगतो की नाही मिळालं तर इथूनच परत फिरा. शेवटच्या डीएनएसपर्यंत गाडी पोचतच नाही. डिग मात्र ही ओळ वाचतच नाही, तो थेट तुम्ही दिलेल्या सर्व्हरला जाऊन विचारतो. म्हणून 'डिगला दिसतंय म्हणजे सेटिंग बरोबर आहे' हा निष्कर्ष कधीच काढू नका. मशीनला खरंच काय दिसतंय ते बघायचं तर गेटएंट होस्ट्स आणि पुढे नाव, ही कमांड वापरा, ती पिंगच्याच रस्त्याने जाते.

आणि त्या कंसातला रिटर्न काढून टाका असं सांगणारे पन्नास लेख सापडतील, तसं करू नका. एका लॅपटॉपवर जमेल, पण नवीन अँड्रॉइडसुद्धा डॉट लोकलला मल्टिकास्टनेच विचारतं, तिथे कुठली फाइल बदलणार? नावच बदला.

जुना_डेस्कटॉप

अरे वा, हे कुठेच वाचलं नव्हतं. पण मग विंडोज ७ वर कसं चालतं? आणि नाव बदलून काय ठेवू, डॉट होम चालेल? की डॉट देव ठेवू, मस्त वाटतं (डेव्हलपरवालं देव, देवघरातलं नाही 😀)

पेंग्विनप्रेमी

विंडोज ७ ला मल्टिकास्ट डीएनएस येतच नाही म्हणून तो बिचारा सरळ डीएनएस सर्व्हरला विचारतो. म्हातारा आहे म्हणून चालतंय.

डॉट देव अजिबात नको. ते गूगलच्या मालकीचं खरंखुरं डोमेन आहे आणि ब्राउझरच्या आतच त्याची यादी आहे की या नावाला एचटीटीपीएसशिवाय जायचंच नाही. घरच्या साध्या एचटीटीपी पानाला तिथे प्रवेश बंद. डॉट होमचं अधिकृत वाटप झालेलं नाही पण घरासाठी म्हणून राखूनही ठेवलेलं नाही, असंच अधांतरी आहे. घरच्या नेटवर्कसाठी अधिकृतपणे राखलेलं नाव आहे होम.आर्पा, आरएफसी ८३७५, २०१८ सालची. दिसायला ओबडधोबड आहे, मान्य. ते नको असेल तर डॉट इंटर्नल घ्या, आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) २०२४ मध्ये ते खासगी वापरासाठी कायमचं बाजूला काढलंय. मी स्वतः होम.आर्पा वापरतो, घरच्यांना काय, एकदा बुकमार्क करून दिलं की संपलं.

एक बारीक गोष्ट. नुसतं 'फोटो' असं एका शब्दाचं नाव ठेवायचा मोह होतो, तो टाळा. ब्राउझरच्या पट्टीत एक शब्द टाकला की तो सर्चला जातो, शेवटी तिरकी रेघ द्यावी लागते, आणि ते घरात कोणाच्या लक्षात राहणार नाही.

केबल_मास्तर

पेंग्विनप्रेमींनी नावाचं नीट सांगितलंय, पण तुमच्याकडे एक नाही, निदान तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे तुम्हाला भुताटकी वाटतेय. मी बाकीची घेतो.

आधी तो सेकंडरी ८.८.८.८ काढा. लोकांची पक्की समजूत असते की प्रायमरी मेला तरच सेकंडरीकडे जातात. तसं कुठेही बंधन नाही. काही सिस्टिम आलटून पालटून विचारतात, काही दोघांना एकदम विचारून ज्याचं आधी येईल ते घेतात, काही एकदा सेकंडरीकडे सरकल्या की तिकडेच मुक्काम ठोकतात. आणि गूगलच्या सर्व्हरला तुमचा फोटो.लोकल विचारला की तो 'असं नाव जगात नाही' असं ठणकावून सांगतो. हे नीट लक्षात घ्या, 'नाही' हेसुद्धा पूर्ण आणि वैध उत्तर आहे, ते मिळालं की मशीन दुसऱ्या सर्व्हरला विचारायला जात नाही. उत्तरच आलं नाही तरच पुढे जातं. त्यात ते 'नाही' काही काळ कॅशमध्येही राहतं, म्हणून तुम्ही दुरुस्ती केल्यावरही पाच-दहा मिनिटं जुनंच दिसतं आणि माणूस अजून चार ठिकाणी ढवळाढवळ करून ठेवतो. बाबांच्या पीसीवर 'बहुतेक वेळा' उघडतं असं तुम्ही लिहिलंय ना, तो 'बहुतेक' इथून आलाय.

दुसरं सर्व्हरचं. तुमच्या एररमधलं '[::१]:५३' हेच सगळं सांगतंय. ईटीसीतली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही उबुंटूमध्ये खरी फाइल नसते, ती रन फोल्डरातल्या सिस्टिमडी-रिझॉल्व्हडीच्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक असते. रन फोल्डर रॅममध्ये असतो. तुम्ही ती सर्व्हिस डिसेबल करून रीबूट केलं, फाइल पुन्हा तयार झाली नाही, लिंक लोंबकळत राहिली. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नसली की डॉकर स्वतःच्याच मशीनवर ५३ पोर्टला विचारतो, म्हणजे १२७.०.०.१ ला नाहीतर ::१ ला. तिथे तुमचा पायहोल बसलेला असतो तोवर निभावतं. पायहोलची नवीन इमेज आणायला पायहोल थांबवला की इमेजचा पत्ता सांगणारा कोणी उरत नाही. आपलीच फांदी आपणच कापतोय.

तर असं करा. सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी परत एनेबल करा, ती मारायची गरजच नव्हती. ती १२७.०.०.५३ वर जो छोटा कान उघडून बसते तेवढाच बंद करायचाय. ईटीसी, सिस्टिमडी, त्यात रिझॉल्व्हड डॉट कॉन्फ डॉट डी नावाचा फोल्डर करा, आत एक फाइल, त्यात चौकोनी कंसात रिझॉल्व्ह आणि खालच्या ओळीवर डीएनएसस्टबलिसनर=नो. मूळ रिझॉल्व्हड डॉट कॉन्फमध्ये लिहिलं तरी चालतं पण वेगळी फाइल असली की अपग्रेडच्या वेळी प्रश्नोत्तरं होत नाहीत. मग ईटीसीतली लिंक नव्याने करा, पण आता ती रन, सिस्टिमडी, रिझॉल्व्ह या फोल्डरातल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फकडे, स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फकडे नाही. बरेच जण ही लिंक बदलायची विसरतात आणि मग सर्व्हर १२७.०.०.५३ ला विचारत बसतो जिथे आता कोणीच नाही.

आणि नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये) सर्व्हरला स्वतःसाठी बाहेरचे डीएनएस द्या, १.१.१.१ आणि ९.९.९.९. घरातल्या बाकी मंडळींनी पायहोलला विचारावं, पण ज्याच्या अंगावर पायहोल चालतो त्याने नाही. डीएचसीपीतून राऊटर त्यालाही पायहोलचाच पत्ता देईल, तो घ्यायचा नाही, नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी४-ओव्हरराइड्सखाली यूज-डीएनएस फॉल्स. सर्व्हरला घरातली दोन-चार नावं लागत असतील तर तिथे बंड्याची होस्ट्स फाइल वापरा, त्या कामाला ती उत्तम आहे.

बंड्या_००७

बघा, शेवटी माझंच आलं 😎

निवांत_नाशिककर

सेकंडरी काढा हे मला पटत नाही मास्तर. माझ्याकडे कित्येक वर्षं सेकंडरीला १.१.१.१ आहे, जाहिराती बऱ्यापैकी अडतात आणि लाइट गेल्यावर सर्व्हर बंद पडला तरी नेट चालू राहतं. आमच्याकडे लोडशेडिंग झालं की राऊटर इन्व्हर्टरवर असतो पण सर्व्हर नसतो, सेकंडरी नसेल तर घरातून लगेच 'नेट गेलं' म्हणून बोंब. आईची मालिका मध्येच अडकली तर मला रात्री जेवायला कोण वाढणार?

केबल_मास्तर

जाहिराती 'बऱ्यापैकी' अडतात, बरोबर, कारण उरलेल्या १.१.१.१ मधून आत येतात. जाहिरात सुटली तर कोणाला कळत नाही, नाव सुटलं की लगेच कळतं, एवढाच फरक.

पण तुमची अडचण खरी आहे. दोन पत्ते द्यायचेच असतील तर दोन्हीकडे सारखीच उत्तरं मिळाली पाहिजेत, म्हणजे दुसराही पायहोलच हवा. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू एवढा चिमुकला डबा या कामाला भरपूर होतो, तो राऊटरशेजारी त्याच इन्व्हर्टरवर लावा. दोघांच्या याद्या आणि नावं सारखी ठेवायला पायहोलच्या आवृत्ती ६ साठी नेब्युला-सिंक आहे, आधीचं ग्रॅव्हिटी-सिंक सहावर चालत नाही. तेवढा खर्च नको असेल तर सरळ मुख्य पायहोलच त्या छोट्या पायवर न्या आणि मोठा सर्व्हर फोटो-सिनेमापुरता ठेवा, मला विचाराल तर हेच जास्त शहाणपणाचं. घरातली सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट घरातल्या सगळ्यात जास्त बंद पडणाऱ्या मशीनवर ठेवू नये.

पेंग्विनप्रेमी

पोर्ट ५३ साठी अजून सोपी वाट आहे. स्टब (१२७.०.०.५३ वरचा तो छोटा कान) बंद न करता कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या कंटेनरच्या सेटिंगची फाइल) पोर्टच्या आधी आयपी लिहा, १९२.१६८.१.१०:५३:५३, टीसीपी आणि यूडीपी दोन्हीला. स्टब फक्त १२७ वाल्या पत्त्यांवर बसतो, तुम्ही १९२ वाल्यावर बसा, भांडण मिटलं.

केबल_मास्तर

चालेल, पण मग पायहोल फक्त आयपीव्ही४ वर (१९२ सारख्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवर) ऐकेल, आणि मला शंका आहे की फोनचं दुखणं तिथेच आहे. म्हणून मुद्दाम स्टब बंद करायला सांगितलं. @जुना_डेस्कटॉप, नावं बदलून झाली की फोनवर वायफायच्या तपशिलात डीएनएस म्हणून काय काय दिसतं ते लिहा, आणि लॅपटॉपवर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस.

जुना_डेस्कटॉप

मास्तर, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. आता फोटो.होम.आर्पा आणि सिनेमा.होम.आर्पा. सेकंडरी काढला. सर्व्हरचं दुखणं पूर्ण गेलं, पायहोल थांबवून इमेज पुल करून बघितली, एकदम सुरळीत. बाबांच्या पीसीवर आता एकदाही चुकत नाही.

लॅपटॉपवर आता उघडतं, पण कधी उघडतं आणि कधी नाही, म्हणजे आधीपेक्षा बरं आणि आधीपेक्षा जास्त चीड आणणारं. स्टेटसमध्ये डीएनएस सर्व्हर्सपुढे दोन पत्ते आहेत, एक १९२.१६८.१.१० आणि दुसरा एफई८०::१. उघडत नाही तेव्हा 'करंट डीएनएस सर्व्हर' मध्ये तो एफई८० वाला असतो. फोनवरही तेच दोन पत्ते, वर एफई८०::१ आणि खाली आपला. हा पत्ता मी तर कुठेच दिलेला नाही. आणि भावाच्या फोनवर तर हे दोन्ही असूनही पायहोलच्या लॉगमध्ये त्याची एकही ओळ नाही.

केबल_मास्तर

सापडला. एफई८०::१ म्हणजे तुमचा राऊटरच, आयपीव्ही६ च्या (पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या) वेशात. तुम्ही डीएचसीपीमध्ये जे भरलं ते फक्त आयपीव्ही४ चं. आयपीव्ही६ मध्ये राऊटर दर थोड्या वेळाने 'मी इथे आहे' अशी दवंडी पिटतो, राऊटर ॲडव्हर्टाइजमेंट, आणि त्या दवंडीतच डीएनएस सर्व्हरचा पत्ताही सांगतो (आरएफसी ८१०६). अँड्रॉइड तर डीएनएसचा पत्ता डीएचसीपीव्ही६ मधून (आयपीव्ही६ चा डीएचसीपी) घेतच नाही, आयपीव्ही६ मधल्या डीएनएससाठी त्याची सगळी मदार या दवंडीवर. मग फोन राऊटरला विचारतो, राऊटर इंटरनेटवाल्यांच्या डीएनएसला, तिथून 'असं नाव नाही' येतं, आणि वर म्हटलं तसं 'नाही' हे उत्तर असल्यामुळे पायहोलला कोणी विचारतच नाही. विंडोज ७ ला दवंडीतला डीएनएसही कळत नाही म्हणून तो इथेही वाचला. खरंच, तुमच्या घरात सगळ्यात नवीन गोष्टी सगळ्यात जास्त त्रास देतायत.

भावाच्या फोनचं वेगळं. सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' बघा, अँड्रॉइड ९ पासून आहे. तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव भरलेलं असणार. तसं असेल तर तो फोन पोर्ट ८५३ वरून एनक्रिप्ट करून थेट तिकडेच विचारतो, वायफायने दिलेले पत्ते बघतही नाही. ते 'ऑटोमॅटिक' वर ठेवा. ब्राउझरमध्येही 'सिक्युअर डीएनएस' नावाने तोच प्रकार असतो. फायरफॉक्स आपणहून तसं करत असेल तर पायहोल त्याला एका ठरावीक नावाला नकार देऊन थांबवतो, पण कोणी हाताने चालू केलं असेल तर तिथे पायहोलचं काही चालत नाही.

बंड्या_००७

आयपीव्ही६ बंद करून टाक राऊटरमध्ये, विषय संपला.

निवांत_नाशिककर

+१, मी तेच केलंय. घरात एवढे पत्ते कशाला हवेत.

पेंग्विनप्रेमी

नको हो. आपल्याकडे बहुतेक फायबर कनेक्शनला आयपीव्ही४ चा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, शेकडो घरं एका पत्त्यामागे कोंबलेली असतात. बाहेरून घरच्या सर्व्हरला सरळ यायचं असेल तर आयपीव्ही६ हीच एक वाट उरते. ती बुजवून मग टेलस्केल नाहीतर कुठलातरी टनेल शोधत फिरायचं. आणि मुळात चूक आयपीव्ही६ ची नाही, चुकीचा पत्ता सांगितला जातोय तो बदला.

केबल_मास्तर

सहमत, बंद करणं हा शेवटचा उपाय. आधी हे बघा:

राऊटरच्या पानावर लॅनखाली आयपीव्ही६ चं वेगळं पान असतं, बऱ्याच फायबरच्या डब्यांत तिथे 'डीएनएस सोर्स' असा ड्रॉपडाउन असतो, प्रॉक्सी, वॅन आणि स्टॅटिक असे पर्याय असलेला. स्टॅटिक निवडून सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता द्या. पण कुठला पत्ता? आयपी ॲड्रेस शो केल्यावर सर्व्हरचे दोन-तीन पत्ते दिसतील. २ ने सुरू होणारा देऊ नका, तो इंटरनेटवाल्यांकडून येतो आणि कनेक्शन तुटून जोडलं गेलं की बरेचदा बदलतो. एफई८० ने सुरू होणारा द्या, तो घरापुरताच असतो आणि बदलत नाही.

त्यासाठी पायहोलचा कंटेनर होस्ट नेटवर्कवर (सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्कवर) न्यावा लागेल, कंपोजमध्ये पोर्टच्या ओळी काढून नेटवर्कमोड होस्ट. नाहीतर एफई८० वर ऐकायला डॉकर फार कटकट करतो. मग पायहोलचं वेब पान आणि तुमचा प्रॉक्सी मॅनेजर दोघंही ८० पोर्टसाठी भांडतील, पायहोलला ८०८० वर हलवा. एक फायदा म्हणजे इंटरफेस सेटिंगमध्ये 'फक्त लोकल विनंत्या' ठेवता येतं, डॉकरच्या ब्रिजमागे असताना लोकांना 'परमिट ऑल ओरिजिन्स' करावं लागतं ते इथे नको.

राऊटरमध्ये तो ड्रॉपडाउनच नसेल तर राऊटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) बाजूचा डीएनएस म्हणून १९२.१६८.१.१० भरून बघा, म्हणजे एफई८०::१ ला विचारलं तरी राऊटर पायहोलकडेच पाठवेल. तोटा एवढाच की पायहोलच्या लॉगमध्ये त्या सगळ्या विनंत्या राऊटरच्या नावाने दिसतात. आणि असं केलं तर पायहोलचं कंडिशनल फॉरवर्डिंग (ठरावीक नावं दुसऱ्या सर्व्हरला विचारणं) राऊटरकडे वळवून ठेवू नका, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत फिरत बसतील.

आणि फायरवॉल. आयपीव्ही६ मध्ये एनएटी (घरातली सगळी मशीन एका सार्वजनिक पत्त्यामागे झाकणारी सोय) नसतं, म्हणून राऊटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना ते बघाच. पोर्ट ५३ बाहेरच्या जगाला उघडं राहिलं की कोणीतरी ते दुसऱ्यावर हल्ला करायला वापरतं, छोटासा प्रश्न विचारून मोठं उत्तर तिसऱ्याच्या पत्त्यावर पाठवायचं असा तो धंदा आहे. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, डॉकरने पब्लिश केलेली पोर्टं यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडी राहतात. होस्ट नेटवर्कवर मात्र यूएफडब्ल्यूचे नियम लागू होतात, हाही एक फायदाच.

जुना_डेस्कटॉप

ड्रॉपडाउन मिळाला! लॅनच्या पानात तीन पातळ्या खाली लपवलाय. स्टॅटिक करून सर्व्हरचा एफई८० पत्ता दिला, कंटेनर होस्टवर नेला, राऊटर रीस्टार्ट. लॅपटॉपवर आता दोन्ही पत्ते आपल्याच सर्व्हरचे दिसतात. फोनवर इमिच ॲपमध्ये नाव टाकलं आणि पहिल्या फटक्यात लॉगिन. भावाने प्रायव्हेट डीएनएसमध्ये कुठल्यातरी जाहिरात रोखणाऱ्या सर्व्हिसचं नाव भरलेलं होतं, ते काढायला तो तयार नाही, बाहेर मोबाइल डेटावर त्याला ते हवंय. त्याच्यासाठी काही जुगाड?

अजून एक, ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणतो ते घालवायचं तर? आणि पायहोलबरोबर अनबाउंड लावावं का, तो दुसऱ्या कोणाच्या डीएनएसवर न विसंबता रूटपासून (नावांच्या अगदी मुळापासून) स्वतःच विचारतो म्हणे.

पेंग्विनप्रेमी

भावासाठी आणि कुलपासाठी (ते 'नॉट सिक्युअर' घालवायला) दोन्हीला एकच उत्तर आहे, स्वतःचं खरं डोमेन घ्या. होम.आर्पाला सार्वजनिक सर्टिफिकेट कोणी देत नाही, पण स्वतःच्या डोमेनला लेट्स एन्क्रिप्टकडून वाइल्डकार्ड (डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं) सर्टिफिकेट फुकट मिळतं. डीएनएस-०१ पद्धत वापरा, त्यात डोमेनच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून मालकी सिद्ध होते, घरचं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. प्रॉक्सी मॅनेजर हे आपोआप करतो. मग सार्वजनिक डीएनएसमध्येच फोटोच्या नावाला १९२.१६८.१.१० देऊन टाका, भावाचा फोन कोणालाही विचारो, घरच्या वायफायवर असला की उघडेल. काही राऊटर आणि डीएनएसमास्क नावाचा डीएनएस प्रोग्राम बाहेरून आलेलं असं खासगी पत्त्याचं उत्तर मुद्दाम गाळतात, रीबाइंड प्रोटेक्शन म्हणून, तसं झालं तर त्या डोमेनला अपवाद द्यायचा.

केबल_मास्तर

अनबाउंड लावा, छान आहे, पायहोलशेजारी ५३३५ पोर्टवर बसवतात. फक्त तो रास्पबेरी पायवर असेल तर घड्याळाचं बघा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डवर बॅटरीवालं घड्याळ नसतं, पाय ५ वर बॅटरी जोडायची सोय आहे पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. गणपतीला गावी जाताना मेन स्विच बंद करून जाता, आठवड्याने येऊन चालू करता, पाय जागा होतो तो आठवडाभर मागच्या तारखेत. अनबाउंड डीएनएससेकच्या (उत्तर खरं असल्याची खूण) सह्या तपासतो, त्या सह्यांना तारखा असतात, त्याच्या हिशोबाने कित्येक सह्या भविष्यातल्या, म्हणून तो सगळं नाकारतो. घड्याळ लावायला टाइम सर्व्हर गाठायचा तर त्याचं नाव रिझॉल्व्ह व्हायला हवं, ते अनबाउंडकडूनच. म्हणून टाइम सर्व्हरमध्ये नावांबरोबर एक नुसता आयपीही भरून ठेवा, क्लाउडफ्लेअरचा १६२.१५९.२००.१ चालतो. तुमच्या डेस्कटॉपला मदरबोर्डवर सेल असतो त्यामुळे सध्या काळजी नाही, पण मशीन जुनं आहे म्हणताय तर तो सेल एकदा बदलून घ्या, सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.